कल्याण नाक्यावरून सिरसिल्ल्याला

"रस्त्याचं मला विचारू नकोस," अण्णा म्हणाले. "तीस वर्षं जातोय, येतोय. पण रस्ता कुणी बघितलाय?"

अण्णा भिवंडीत जॉबर आहेत. यंत्रमाग अडला, धोटा उडायला लागला, कापडात दोष दिसायला लागला की मुकादम त्यांना हाक मारतो. गाव तेलंगणातलं सिरसिल्ला. गावी जायचं म्हणजे संध्याकाळच्या सुमाराला खासगी बसमध्ये चढायचं, डबा खायचा, चादर डोक्यावरून ओढायची. जाग येते तेव्हा दुकानांच्या पाट्या तेलुगू झालेल्या असतात. मधलं सगळं अंधारात. तीस वर्षांत त्या अंधारातून त्यांनी किती फेऱ्या मारल्या, त्यांनाच आठवत नाही. मला मात्र तो अंधार दिवसाउजेडी बघायचा होता, माझ्या सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलवरून.

भिवंडीत वाढलेल्या माणसाला परभाषेचं फारसं अप्रूप नसतं. आमच्या कासार आळीतून बाहेर पडलं की दोन चौकांत चार भाषा बदलतात. भाजीवाल्या मावशींची आगरी, निजामपुऱ्यातल्या कोकणी मुसलमानांची कोकणी, मऊ-आझमगढकडच्या अन्सारी विणकरांची त्यांच्या वळणाची हिंदी-उर्दू, कापडाच्या पेढ्यांवर गुजराती नि मारवाडी. यातलं सगळं आम्हाला थोडंथोडं कळतं, निदान कळल्यासारखं वाटतं. तेलुगूचं तसं नाही. पद्मानगरातली तेलुगू माणसं आमच्याशी मराठीत नाहीतर हिंदीत बोलतात आणि पाठ वळली की आपसांत तेलुगूत. त्यामुळे चाळीस वर्षं शेजारी राहूनही माझं तेलुगू दहापर्यंतचे आकडे आणि तीन शिव्या एवढंच. शिव्याही अण्णांच्या मुलानेच शिकवलेल्या, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये.

ही माणसं इथे आली ती पोटामागे. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतले पद्मशाली विणकर. हातमागावर पोट भरेना तसे सोलापूर, मुंबई, सुरत, भिवंडी असे पांगले. मुंबईला तर तेलुगू माणूस फार जुना. कामाठीपुऱ्याचं नावच मुळी बांधकामावर आलेल्या तेलुगू कामाठ्यांवरून पडलेलं. भिवंडीला खरी भरती आली ती गिरण्यांच्या पडझडीनंतर. १९८२च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांमध्ये संप झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यांचं काम हळूहळू खाडीपलीकडे आमच्याकडे सरकलं. काम सरकलं तसे गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही सरकले. आमच्या लहानपणी रात्री वीज गेली की झोपमोड व्हायची, कारण धाडधाड एकदम थांबायची. बाहेरगावचे पाहुणे याच्या उलटा अनुभव सांगायचे.

नकाशात बघताना एक गंमत कळली. राष्ट्रीय महामार्ग ६१ भिवंडीजवळून निघतो, कल्याण, मुरबाड, माळशेज, नगर, परभणी, नांदेड करत तेलंगणात निर्मलला पोचतो. पूर्वी याचाच नंबर २२२ होता. लोक अजून कल्याण-निर्मल रोड म्हणतात. विणकरांच्या दोन मुलखांना जोडणारी ही सडक कुणी त्यासाठी आखलेली नाही. पण आहे खरी. साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि पुढे सिरसिल्ला दीड-दोनशे.

निघायचा दिवस ठरला २ ऑक्टोबर २०२४. आईने कॅलेंडर बघितलं. "सर्वपित्री अमावास्या आहे. अमावास्येला कुणी निघतं का? आणि तीही एकटी?" मी अण्णांकडे बघितलं. अण्णा चहा पीत होते. "आमच्याकडे त्या दिवशी सण चालू होतो, वहिनी," ते म्हणाले. "बतुकम्मा. बायकांचाच सण. जाऊ दे तिला." आईने माझ्या हँडलला लिंबू-मिरची बांधली आणि विषय संपवला.

अण्णांनी एक काम सांगितलं. त्यांची आई गेल्यापासून चार वर्षं ते गावी गेले नव्हते. "फोटो नको काढूस. फोटोत काय दिसतंय? आमच्या गल्लीत जा, कुणाचाही कारखाना चालू असेल, मला फोन लाव. आवाज ऐकव फक्त."

पहाटे पाचला कल्याण नाका. खड्डे पाठ असल्यासारखे चुकवत, रांजणोली, कोन, दुर्गाडीचा पूल. हा अर्धा तास मोटारसायकलवाल्याच्या पाठीचा सगळ्यात वाईट अर्धा तास. पुढच्या चार दिवसांत तेवढे धक्के कुठे बसले नाहीत. मुरबाड मागे पडलं की हवा बदलते. माळशेजमध्ये धबधबे आटून दोऱ्यांएवढे उरले होते, कड्यांवर सोनकी पिवळी झाली होती. घाटाबद्दल इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. वर चढून, ओतूर ओलांडून आळेफाट्याला मिसळ खाल्ली. तिथून जवळच आळे गावात ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे, पैठणला ज्याने वेद म्हटले तो रेडा. हात जोडले. रेड्याला वेद आले, तर मला पुढच्या पाचशे किलोमीटरमध्ये बऱ्यापैकी तेलुगू यायला हरकत नव्हती.

टाकळी ढोकेश्वरच्या पुढे माळरान सुरू होतं आणि दुतर्फा तरवड. कमरेएवढी झुडपं, पिवळ्याजर्द फुलांचे घोस. मोटारसायकलवर एक सोय असते: वास लागतो, आणि थांबायला जागा शोधावी लागत नाही. पाथर्डीच्या अलीकडे एक आजी नि तिची सून रस्त्याकडेला ओच्यात तरवडाची फुलं खुडत होत्या. उद्या घट बसायचे होते. "घटाला माळ लागती ना," आजी म्हणाल्या. "झेंडू इकत घ्यावा लागतो, ह्याला कोण पैसं मागतंय?" मग माझ्या हेल्मेटकडे बघून सुनेला म्हणाल्या, "बाईच हाय गं ती." एक मूठ फुलं त्यांनी माझ्या टाकीवरच्या पिशवीतही घातली.

पाथर्डीला मोहटादेवीच्या यात्रेमुळे लॉज भरलेले. तिसऱ्या ठिकाणी खोली मिळाली, तीही "सकाळी सहाला रिकामी करा" या अटीवर. रात्रभर ज्योत आणायला निघालेल्या पोरांचे टेम्पो नि त्यांवरचे भोंगे. झोप अशी लागलीच नाही.

दुसऱ्या दिवशीचा मराठवाडा सपाट, लांब आणि सोयाबीनच्या रंगाचा. माजलगाव, पाथरी, मानवत. समोरून ज्योत घेऊन अनवाणी धावणारी पोरं येत. त्यांच्या पुढेमागे मोटारसायकली, एकेकीवर तिघं. एका टोळीतल्या पोराने धावताधावता मला हात केला. मी हॉर्न दिला. दिवसभरात माझं एवढंच संभाषण. एकटीने लांब जायचं तर दोन दिवसांनी स्वतःचा आवाज विसरायला होतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वसमतला हळदीची शेतं लागली, केळीच्या रोपांसारखी रुंद पानं, आणि मनात नोंद झाली की याच पिकाची नावाजलेली पेठ पुढे निजामाबादलाही आहे. मी दोन हळदींच्या मधून चालले होते.

नांदेडला पोचले ३ तारखेच्या संध्याकाळी. लॉजमध्ये पाय भिंतीला लावून पडले होते तर फोन थरथरायला लागला. नातेवाईक, शाळेतला ग्रुप, सोसायटी: केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. फुलं, झेंडे, हात जोडलेल्या बाहुल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेलुगूला हाच दर्जा २००८ सालीच मिळालेला. मराठीच्या दाव्यात ज्या पुराव्यांवर भर होता त्यांत हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' वरच्या क्रमांकावर. त्या सातवाहनांचं पैठण नांदेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीवर. आणि सातवाहनांची अगदी सुरुवातीची नाणी सापडली ते कोटिलिंगाल खालच्या अंगाला, त्याच गोदावरीवर, तेलंगणातल्या जगित्यालमध्ये. तिकडचे लोक सातवाहनांना आपले म्हणतात, आपण आपले. नदीला विचारायची कुणी तसदी घेत नाही. मी नांदेडात, मधोमध, आणि सकाळी दुसऱ्या अभिजात भाषेत मला पेट्रोल मागायचं होतं.

हद्द कधी ओलांडली ते नेमकं सांगता येत नाही. भोकरच्या पुढे एक कमान, एक पोलीस चौकी, गाड्यांच्या पाट्यांवर 'टीजी'. जुन्या गाड्यांवर 'टीएस', कारण अक्षरं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बदलली होती. पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. भाषा मात्र काही केल्या बदलेना. भैंसाला चहाला थांबले, डोक्यात जुळवून ठेवलेलं "ओक चाय" म्हणाले, तर चहावाला म्हणाला, "बसा ताई, आता टाकतो ताजा." घरात मराठी, दुकानात तेलुगू, बाजारात उर्दू. त्याला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. हा सगळाच मुलूख १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा. १९५६ साली भाषेवर राज्यं पाडली तेव्हा रेघ कुठेतरी ओढावी लागली, आणि ती याच्या आजोबांच्या शेतापासून थोडी पलीकडून गेली. "आजोबा मराठी शाळेत शिकले, बाप उर्दूत, मी तेलुगूत," तो म्हणाला. "हिशोब तिघांचाही सारखाच चुकायचा."

निर्मलला लाकडी खेळण्यांच्या दुकानात हातात मावेल असा एक पेरू घेतला. खरा वाटावा इतका हुबेहूब, वजनाला कापसासारखा. सोनच्या पुलावरून पुन्हा गोदावरी. इथे खऱ्या अर्थाने मराठी संपली. पेट्रोलपंपावरच्या मुलाशी, फाट्यावरच्या पोलिसाशी, केळीवाल्या बाईशी काही चालेना. "कुडी" म्हणजे उजवीकडे आणि "एडमा" म्हणजे डावीकडे, हे मी हातांवर पेनाने लिहून घेतलं होतं, पण हातमोजे घातल्यावर ते दिसत नाही, हे लिहिताना सुचलं नव्हतं.

आणि मेटपल्लीच्या अलीकडे मागचं चाक डगमगायला लागलं.

पंक्चरच्या दुकानाला भाषा लागत नाही. झाडाला टांगलेला टायर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच अर्थ सांगतो. दुकानदार पन्नाशीचा, लुंगीवाला. त्याने चाक दाबून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "गाली तक्कुवा."

मी चमकले. तीन शिव्या मला येत होत्या. ही चौथी असावी असं वाटलं. माझा चेहरा बघून तो हसत सुटला आणि अस्सल हिंदीत म्हणाला, "गाली मतलब हवा, मॅडम. हवा कम है. आप को गाली नहीं दिया." हिंदी कुठे शिकलात, विचारलं. "मस्कत. सोळा साल." या पट्ट्यातून, आर्मूर, जगित्याल, सिरसिल्ल्याकडून, आखाती देशांत गेलेली माणसं घरटी सापडतात. मेटपल्लीच्या माणसाला हिंदी शिकायला समुद्र ओलांडावा लागला होता. त्याच्या खोलीत म्हणे एक मालेगावचा होता, एक छपऱ्याचा, एक केरळचा. चौघांची मिळून जी काय झाली ती ही हिंदी.

त्याने ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे आले तिथे काडी टोचली. तेवढ्यात मी पिशवीतून पाणी काढलं तर आजींनी दिलेला तरवड बाहेर पडला, सुकून चुरगळलेला. त्याने उचलला. "तंगेडू," तो म्हणाला. "कुठून आणला?" महाराष्ट्रातून. "तिथेही होतो?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. मग म्हणाला, अंधार पडायच्या आत वेमुलवाड्याला पोचा, आज बायका हाच रचतील.

पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. वेमुलवाडा म्हणजे राजराजेश्वराचं क्षेत्र. नवस फेडायला लोक गोऱ्हा घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालतात. दहाव्या शतकात इथल्या चालुक्य राजाच्या, अरिकेसरीच्या दरबारी पंप होता, कन्नडचा आदिकवी. म्हणजे कन्नडचा पहिला मोठा कवी आज तेलुगू बोलणाऱ्या गावात बसून लिहीत होता. कुठली भाषा कुठल्या मातीत रुजेल याचा काही नेम नसतो. भिवंडीच्या माणसाला हे पटायला जड जात नाही.

लॉजसमोरच्या मोकळ्या जागेत तीस-चाळीस बाया. मधोमध परातींत फुलांचे मनोरे, खाली भोपळ्याची पानं, त्यावर तरवडाचा एक थर, पांढऱ्या-गुलाबी कुर्डूचा एक, झेंडूचा एक, असं करत निमुळतं होत गेलेलं, शेंड्यावर हळदीची गौर. भोवती टाळ्या वाजवत फेर. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या उचलतात. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या प्रभू आळीतला भोंडला उभा राहिला. पाटावरच्या हत्तीच्या जागी फुलांचा डोंगर, एवढाच फरक. आणि खिरापत इथेही होतीच. हेल्मेट काखेत धरून मी कडेला उभी, तर एकीने हात धरून ओढलं. "रा अक्का, रा." 'अक्का' कळलं, 'रा'चं काम हाताने केलं. पायातले बूट काढायला लावले. पहिल्या दोन फेऱ्यांत टाळी चुकली, मग वाकण्याची लय सापडली. शब्द एक कळत नव्हता. माझी माझी भोंडल्याची गाणी मी मनात म्हणून बघितली. तालाला बसत होती, थोडी ओढून. भाषा येत नसलेल्या ठिकाणी माणूस बावळट दिसतो आणि बावळट माणसाला बायका फार सांभाळून घेतात. एवढं प्रेम मला माझ्या भाषेत क्वचित मिळालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिरसिल्ला. मुख्य रस्त्यावर काही ऐकू येत नाही. गल्लीत शिरल्यावर गाडी बंद केली आणि अंगावर काटा आला. तोच आवाज. घराच्या पडवीला पत्रा टाकून आठ-आठ, बारा-बारा माग. भिंतीत उंचावर जाळी, जाळीतून उडणारे कापसाचे तंतू. आमच्याकडे ग्रे सुती जास्त, इथे पांढरं पॉलिस्टर बरंच. २०१७पासून तेलंगण सरकार बतुकम्माला वाटायच्या साड्यांचं काम इथे देऊ लागलं, त्यावर या गल्ल्यांचे महिने चालले. त्याआधीची वर्षं वाईट. २०००नंतर या गावाचं नाव पेपरात यायचं ते विणकरांच्या आत्महत्यांसाठी.

एका कारखान्याच्या दारात थांबले. आतल्या माणसाने माझ्या गाडीची पाटी वाचली आणि हिंदीत विचारलं, "एमएच? कुठून?"

"भिवंडी."

"भिवंडीत कुठे?" आणि उत्तराची वाट न बघता, "मी नारपोलीला होतो. भंडारी कंपाउंड. अकरा वर्षं." त्याने स्टूल पुसून दिलं. कल्याण नाक्यावर गर्दी अजून तशीच का, बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवणाचे आता किती घेतात, पाऊस झाला की पाणी तितकंच साचतं का. जिथे मी परकी असायला आले होते तिथे माझ्याच गावाची चौकशी चालली होती.

बोलताबोलता तो मागांना 'सांचा' म्हणत होता. मी थांबवून पुन्हा विचारलं. तेलुगूत मागाला मग्गम म्हणतात, ते मला अण्णांकडून ठाऊक होतं; आपल्या 'माग'च्या किती जवळचा शब्द. "मग्गम हातमागाला," तो म्हणाला. "लाइटवर चालतो तो सांचा." मुंबईच्या गिरणगावात मागांना साचे म्हणत आणि विणकाम खात्याला साचेखातं. गिरण्या गेल्या, आपल्याकडून तो शब्दही जवळजवळ गेला. इथे गल्लीतल्या दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी आहे. शेठकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा मालक तो 'आसामी'. ताणा-बाणा मात्र त्यांचा स्वतःचा: पडुगू आणि पेका. यंत्राबरोबर आलेले शब्द एका वाटेने आले आणि हाताबरोबरचे होते तिथेच राहिले. एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने या गल्लीत चार दिवस स्टूल टाकून बसायला हवं. मला काढता येईल त्यापेक्षा पुष्कळ निघेल.

त्याच्या मागांवरचे काही भाग त्याच्या आसामीने भिवंडीतून जुने आणलेले होते. आधी ते मुंबईच्या कुठल्या गिरणीत होते का, त्याला माहीत नव्हतं. ओतीव लोखंडावर हात फिरवला. रंगाचे थर एवढे की मूळ अक्षरं वाचता येत नव्हती.

मग अण्णांना फोन लावला. "ऐका," मी म्हणाले आणि फोन आत धरला. मिनिटभर ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, लाइन गेली. मी फोन कानाला लावला.

"डाव्या हाताचा दुसरा की तिसरा?" अण्णा विचारत होते.

"काय?"

"एक ठोका मागे पडतोय. पिकर खलास झालाय त्याचा. विचार त्याला."

मी विचारलं. तो माणूस हसला, तिसऱ्या मागाकडे बोट केलं आणि माझ्या हातातून फोन घेतला. मग दोघं तेलुगूत सुटले. मी दारात उभी राहून ऐकत होते. सांचा कळलं. पिकर कळलं. खर्ची कळलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा आवाज चढलेला, म्हणजे आसामी पैसे देत नाही एवढं समजलं. नंतर बराच वेळ काहीच कळलं नाही. मग त्याने फोन कानापासून दूर धरून मला विचारलं, "अण्णा पूछते हैं, रास्ते में क्या क्या था?"